आप्पांच्या आठवणी आणि बावीस मिनिटांचा लॅपटॉप

बेलापूर, नवी मुंबई
रविवार, २७ जून १९९९

तीर्थरूप सौ. मालूताईस, धाकट्या नंदूचा बेलापूरहून वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरीही वाकून). दाजींना सुमेधाचा आणि माझा नमस्कार. मिरजेत सगळे कसे आहात? दाजींची साखर उतरली का, आणि अजूनही ते चहात दोन चमचे घालून "आम्ही बिनसाखरेचा घेतो" म्हणून जगाला सांगतात का, हे सविस्तर कळव. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. संपली, हेही याच पत्रात कळवून टाकतो. आप्पा उत्तम आहेत. रोज सकाळी दिवाळे गावाच्या बाजूला खाडीपर्यंत जाऊन येतात आणि अंतर पावलांनी मोजतात (छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला नुसतं चालता येत नाही). गेल्या वर्षीपेक्षा यंदा अंतर दीडशे पावलं जास्त भरतं. तेव्हा खाडी मागे सरकली असं त्यांचं म्हणणं आहे, आणि आम्ही ते मान्य केलं आहे.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे येण्याचा प्रयत्न करतो. फोनवर तू दोनदा विचारलंस, पुस्तक कुठवर आलं, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, चालू आहे. त्यात खोटं काही नव्हतं. चालू होतंच, फक्त एका वेळी बावीस मिनिटं चालू असायचं. दिवाळीत तुम्ही भावंडांनी माझ्या गैरहजेरीत (मी श्रीखंड आणायला गेलो होतो) ठराव करून टाकलात की १९ जुलैला आप्पांना पंचाहत्तर पूर्ण होतील, त्या दिवशी त्यांच्या आठवणींचं छापील पुस्तक त्यांच्या हातात ठेवायचं. सांगणार आप्पा, लिहून घेणार मी, कारण घराण्यात टायपिंगची परीक्षा पास झालेला मी एकटाच. तुझ्या अभिरामने एप्रिलमध्ये अमेरिकेहून येताना त्याचा जुना लॅपटॉप मामासाठी आणला, त्यात मराठी अक्षरंही घालून दिली. वाशीच्या छापखानेवाल्याला पाच जुलैच्या आत फ्लॉपी हवी आहे, नंतर त्याच्याकडे गणपती मंडळांची पावतीपुस्तकं सुरू होतात आणि मग तो देवालाही ओळखत नाही. इकडे आप्पांनी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सगळ्यांना आमंत्रणं देऊन ठेवली आहेत. पुस्तक झालं नाही तर ते मला एक शब्द बोलणार नाहीत, ताई, आणि तेच वाईट. माझ्या प्रगतिपुस्तकावर ते न बोलता सही करून परत द्यायचे, ते आठव. मला पन्नाशीत पुन्हा तशी सही नको आहे.

लॅपटॉप आला तो मिरजेमार्गे, म्हणजे तुझ्या हाताखालून, म्हणजे अर्थातच अभ्रा घालून. (तुझ्या घरात मिक्सरला, टीव्हीला, गॅसच्या सिलिंडरला आणि दाजींच्या स्कूटरच्या स्टेपनीला झालरीचे अभ्रे आहेत. दाजी एका जागी जास्त वेळ का बसत नाहीत, हे मला कळतं.) पण हा अभ्रा म्हणजे तुझ्या कलेचा कळस. बाहेरून जांभळं मखमल, मध्ये दोन बोटं कापूस, चारी बाजूंनी झालर, खालून इलॅस्टिक. बाळाला दुपट्यात बांधावं तसं यंत्र त्यात गच्च बसवलेलं, फक्त झाकण उघडायला मोकळं. आलागेला मनुष्य यंत्र बघायचा सोडून शिवण बघतो. त्याबद्दल पुढे येणारच आहे, घाई करू नकोस.

तर लॅपटॉप बंद पडायचा. बावीस मिनिटांनी, आप्पांच्या घड्याळाप्रमाणे. कुरकुर नाही, सूचना नाही, पडदा काळा आणि आपलं बोट 'ख'वर तसंच. आता तू म्हणशील, अभिरामने बजावलं होतं ना, मामा, दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा? बजावलं होतं. पण ताई, माझी एकोणतीस वर्षं नोकरी झाली. आमच्या कचेरीत कच्चा मसुदा साहेबांच्या नजरेखालून जाऊन त्यावर सही पडेपर्यंत फाइलला लागत नाही. उद्या साहेबांनी तो खोडला आणि फाइलमध्ये भलताच कागद राहिला, तर चौकशी कोणाची? तेव्हा माझी रीतसर पद्धत अशी की संध्याकाळी सहाला आप्पांनी सांगायचं, मी टाइप करायचं, मग पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि आप्पा "ठीक" म्हणाले की सेव्ह. आप्पाही सरकारी माणूस, त्यांनाही पद्धत पसंत पडली. आणि बरोबर वाचनाच्या मध्यावर, आप्पांचं "ठीक" ओठांवर आलेलं असताना, बावीस मिनिटं भरायची. खानापूरच्या विहिरीचा प्रसंग मी अकरा वेळा टाइप केला. पहिल्या वेळी विहिरीत पडलेल्या शिपायाला आप्पांनी वरून दोर टाकला होता. पाचव्या वेळी ते स्वतः विहिरीत उतरले. अकराव्या वेळी विहिरीत नाग होता. कोणता मसुदा मंजूर धरायचा, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

उपचारांना तळमजल्यावरच्या कुंदन पाटलापासून सुरुवात झाली. आमची इमारत त्यानेच बांधली. जमीन त्याच्या आजोबांची, वायरिंग त्याच्या मेव्हण्याचं. त्याने लॅपटॉपकडे न बघता निदान केलं, "भाऊ, यो अर्थिंगचा प्रॉब्लेम हाय, टेन्शन नका घेऊ," आणि सोसायटीच्या बागेत सेक्रेटरींनी लावलेल्या अनंताच्या झाडाशेजारी पुरुषभर खड्डा खणून त्यात पाइप, कोळसा आणि अर्धं पोतं मीठ घातलं. अनंत गेला. लॅपटॉप बावीस मिनिटांवर कायम राहिला. मात्र आमच्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्या थांबल्या, तेव्हा खड्डा अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

मग आप्पांनी स्वतः शोध लावला. यंत्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ अजून अमेरिकेचीच वेळ दाखवतं. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. अभिराम नऊच्या आत यंत्र मिटून कामावर निघत असणार, आणि यंत्राच्या अंगात ती सवय भिनली आहे. (मोजणी खात्याचा एक घोडा म्हणे असाच होता. साहेब बदलला तरी जुन्या साहेबाच्या चहाच्या हॉटेलापाशी थांबायचा.) उपाय म्हणून आम्ही पहाटे पाचला उठून बसलो, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ. आणि काय सांगू, त्या दिवशी यंत्र चाललं ना! दीड तास चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. विहीर एकदाची सेव्ह झाली, वर सोळा पानं झाली. आप्पांनी कट्ट्यावर अमेरिकेच्या वेळेवर व्याख्यान दिलं. सुमेधा म्हणाली, आदल्या दिवशी संकष्टीला मी यंत्रावरून नारळ ओवाळून फोडला, त्याचं कोणी नावच काढत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच पुन्हा बावीस मिनिटं. आप्पा म्हणाले, तिकडे आज सुट्टी असेल. त्या दोन दिवसांत तुझा अभ्रा धुऊन दोरीवर वाळत होता (जूनच्या हवेत कापूस लवकर वाळत नाही), हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिघंही शिकलेली माणसं.

शेवटी गुण आला तो सगुणाबाईंमुळे. या दिवाळ्याच्या कोळीणबाई, आमच्याकडे बोंबील-सोडे घेऊन येतात. सुमेधाने दारात बसून त्यांना सगळं गाऱ्हाणं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, माझी निशिगंधा स्टेशनजवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकवते, तिला पाठवते. गेल्या रविवारी ती आली. पंचविशीची पोर, चटपटीत. आप्पा तेव्हा कट्ट्यावर होते. तिने यंत्र सुरू केलं, थोडा वेळ थांबली, मग तापलेल्या लेकराच्या अंगाला लावावा तसा यंत्राच्या पोटाला हात लावला आणि झालरीतून बोटं आत घातली. म्हणाली, "काका, ह्यो गुदमरतंय. खाली जाली हाय ना, तिच्यातनं ह्याची गरम हवा भायेर जाते. तुमी ती पार बंद केलीय. जास्त तापला की ह्यो आपला आपन बंद होतंय." मग विचारलं, हे शिवलं कोणी? मी म्हणालो, माझ्या थोरल्या बहिणीने. पोर संस्कारी आहे. झालर सारखी केली आणि म्हणाली, "शिवन भारी हाय."

ताई, आता घोटभर पाणी पी. दोष अभ्र्याचा नाही. दोष त्या यंत्राचा आहे, त्याला एवढी माया सोसत नाही. अभ्रा काढून ते ओट्यावरच्या पोळपाटावर ठेवलं, तर सलग तीन तास चाललं. सुमेधाने पोळ्या दुसऱ्या पोळपाटावर लाटल्या.

आप्पा परत आले तेव्हा अभ्रा खुर्चीवर पडला होता. त्यांनी विचारलं, हा का काढला? तुझा अपमान नको म्हणून मी म्हणालो, धुवायचा आहे. ते खुर्चीत बसले, अभ्रा मांडीवर घेतला, उलटला, आणि चष्मा लावून बघायला लागले. आतल्या बाजूला तू आईच्या जुन्या इरकलीचं अस्तर लावलं आहेस. तुला ठाऊक होतं, आम्हा दोघांना नव्हतं. ताई, तोवर पुस्तकाची वीस पानं झाली होती आणि त्यात आई एकदाच आली होती: "याच वर्षी माझा विवाह झाला." पूर्णविराम, पुढे लगेच तासगावची मोजणी. त्या संध्याकाळी ते अस्तरावर हात फिरवत बोलायला लागले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कॅम्पवर त्यांचा मोजणीची साखळी धरणारा गडी तापाने पडला. तेव्हा आईने इरकल खोचून साखळीचं दुसरं टोक धरलं आणि दिवसभर मोठ्याने मोजत शेतं पालथी घातली. मोजताना एका बांधाला एक साखळी चुकली. आप्पांना तिथल्या तिथे कळलं. वीतभर चुकीसाठी माणसांना घरी पाठवणारे आपले आप्पा, त्यांनी तो आकडा निमूट मांडला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच एकटे जाऊन तो बांध पुन्हा मोजून आले. आईला हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी टाइप करत होतो, पण मला अक्षरं नीट दिसत नव्हती. आयुष्यात आप्पा माझ्याशी इतका वेळ कधी बोलले नव्हते, आणि तेही कट्ट्यावर नाही, माझ्या शेजारी बसून.

एकूण आमचं छान चाललं आहे. अभिरामला कळव की यंत्र ठणठणीत आहे आणि मामा आता सेव्ह करतो. दाजींना साखरेचं जपायला सांग.

तुझा,
नंदकिशोर

ता. क. एक छोटीशी विनंती राहिली. आप्पांचा जन्म आषाढ वद्य तृतीयेचा. यंदा ती ३१ जुलैला येते, आणि तो शनिवार आहे. १९ तारखेला सोमवार, कोणाला रजा मिळणार? तू थोरली आहेस. तू फोन करून एकदा ठणकावलंस की वाढदिवस तिथीनेच व्हायचा, तर कोणाची बोलायची टाप नाही. छापखानेवाल्याच्या हातापाया पडून आलो आहे, सतरापर्यंत फ्लॉपी चालेल म्हणतो. यंत्राने किती वेळ खाल्ला ते वर लिहिलंच आहे, तेच कारण सगळ्यांना सांग.

ता. क. दुसरा. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? यंत्राचं कारण खरं नाही. नेटाने बसलो तर चार संध्याकाळींत पुस्तक संपेल. पण या आठवड्यात तीनदा, आप्पा आईचं सांगत असताना, मी मुद्दाम म्हणालो, "गेलं आप्पा, बंद पडलं, पुन्हा सांगा." आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. (सगळं गुपचूप सेव्ह केलं आहे, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच मंजुरीशिवाय.) पुस्तक संपलं की ते पुन्हा कट्ट्यावर जातील आणि मी पेपर वाचत बसेन. मला ते बारा दिवस हवे आहेत, ताई. आप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस.

चि. सौ. मालती हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद. पाकीट टपालात टाकण्यास नंदूने माझ्याकडे दिले. चिकटवलेले नव्हते, म्हणून वाचले. यंत्र बंद पडले असे तो सांगतो तेव्हा त्याचा हिरवा दिवा चालूच असतो. मला लांबचे अजून स्वच्छ दिसते. त्याला बोलू नकोस. तिथीच धर. पुस्तकात अजून तुझा जन्म व्हायचा आहे.