लिंबाजीचा ताशा आणि किल्लारीची कॅसेट

मी, रामकिशन हौसाजी सोनकांबळे, वय एकाहत्तर, निवृत्त लाइनमन, राहणार विष्णुपुरी, नांदेड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या गाण्यांच्या वेडापायी घरच्यांना अधूनमधून शंका येते.

१. राहते घर पत्नी सुमनबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा आनंदराज याचे. बँकेतील ठेवही सुमनबाईची. आनंदराज घराला रंग द्यायला म्हणून मागेल, देऊ नये. रंग नुकताच दिला आहे.

२. पक्कड, टेस्टर व शिडी शेजारी वीरेश मठपती यांचा मुलगा संगमेश्वर याला. शिडी तशीही त्यांच्याकडेच असते.

३. कॅसेटी, रेकॉर्डी व टेपरेकॉर्डर नात बुद्धप्रिया हिला. आनंदराज या सगळ्याला भंगार म्हणतो, म्हणून कारण नोंदवतो. भूकंपानंतर किल्लारीला तारा ओढायला गेलो होतो. मदतीला आलेल्या एका परदेशी ड्रायव्हरच्या जीपमध्ये कॅसेट वाजत होती. चहूकडे दुःख, आणि माझा पाय हलायला लागला. लाज वाटली, पण विचारल्याशिवाय राहवेना. हे फंक, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे, असे त्याने सांगितले आणि जाताना कॅसेट देऊन गेला. त्यात सगळा जोर पहिल्या ठोक्यावर. मध्येच सगळे थांबतात आणि ड्रमवाला एकटा वाजवतो. असे का करत असतील, या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. मिळेल तिथून अशी गाणी जमवत गेलो.

४. भूकंपानंतरच्या एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीला माझा जिगरी दोस्त लिंबाजी हणमंते याची बँजो पार्टी होती. टेम्पोवरचा जनरेटर माझ्याकडे. डिझेलमध्ये पाणी निघाले, जनरेटर बंद पडला. कॅसिओ आणि बँजो मुके झाले. लिंबाजी एकटा ताशा वाजवत राहिला, आणि लोक थांबले नाहीत, उलट जास्तच नाचले. माझा टेप सेलवर चालू होता, त्यात ते सगळे रेकॉर्ड झाले. बाकीचे का थांबतात ते मला तिथे कळले. लिंबाजी मात्र म्हणाला, "तू मुद्दाम बंद केलास. भर जयंतीत माझी पार्टी उघडी पाडलीस." तेव्हापासून त्याने बोलणे टाकले. समजवायला दोनदा गेलो, दार उघडले नाही. त्याची फार आठवण येते.

५. मध्यंतरी बुद्धप्रिया मोबाईलवर रॅप ऐकत होती. मागचा ड्रम मी ओळखला, किल्लारीच्या कॅसेटमधलाच. ती म्हणाली, "आबा, जुन्या गाण्यातला तेवढाच तुकडा कापून घेतात अन् त्यावर नवीन गाणं उभं करतात. अशी लई गाणी हायत." मी त्या ड्रमवाल्याचे नाव विचारले. तिला माहीत नव्हते. तिच्या मैत्रिणींनाही नव्हते. इतकी पोरे ज्याच्या हातावर नाचतात, त्याचे नाव कोणाला नसावे, याने मला जेवण गोड लागेना. आता ती स्वतः रॅप करते आणि लिंबाजीचा तुकडा मागते. तो तिने घ्यावा, पण आधी लिंबाजीची परवानगी काढावी आणि गाण्यावर त्याचे नाव घालावे. तो नाही म्हणाला तर टेप कोणीही वापरू नये.

६. लिंबाजीच्या नावे मी काहीही ठेवत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नये. मला त्याची सही हवी आहे. सहीसाठी त्याला यावे लागेल, आणि आला की टेप ऐकवता येईल.

वर लिहिलेले वाचून, समजून सही करतो.

रामकिशन हौसाजी सोनकांबळे
विष्णुपुरी, नांदेड
२२ जून २०२५

साक्षीदार:

१. वीरेश मठपती. रामकिशनरावांनी माझ्यासमोर सही केली. शिडी उद्या आणून देतो.

२. लिंबाजी हणमंते. सही माझ्यासमोर झाली. टेप ऐकली, परत लावायला लावली. जनरेटर यानंच बंद केला, हे माझं मत कायम हाय. पोरीनं तुकडा घ्यावा. नाव घालताना दोन घालावीत: ताशा लिंबाजी, जनरेटर रामकिशन.