कानामागून ओढून घ्यायचा चेहरा

१२ ऑगस्ट २००४
पार्लरात दिवसभर सामसूम. संध्याकाळी एक पोरगी आली, लग्न ठरलेली. मला बघून म्हणते, "मावशी, फेशियल तुमीच करनार का मॅडम येनार हायत?" मॅडम मीच गं बये! पार्लरवालीचं तोंड हीच तिची पाटी. पोरगी 'उद्या येते' म्हणून गेली. ती कसली येतीय. घरी येऊन आरशासमोर दोन्ही गाल कानाकडे ओढून धरले. बरी दिसते. हात सोडले की परत तेच.

१९ ऑगस्ट
पुण्याच्या डॉक्टरांना फोन. कानामागून कापतात, कातडी ओढून शिवतात. २९ सप्टें.ला बोलावलंय. तरुणपणीचा फोटो आणा म्हणाले, म्हणजे तसा चेहरा करता येईल. ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता, "चांगली दिसतीस की. कुणाला दाखवायचंय?" गिऱ्हाइकांना! भाजी करपली ती करपलीच.

११ सप्टें.
गौरीचा मुखवटा रंगवायला टाकला. आजेसासूबाईंपासूनचा, शाडूचा, रंग पार उडालेला. "जरा तरतरीत करा," मीच सांगितलं.

२० सप्टें.
मुखवटा आणला. गाल गुलाबी, भुवया कोरलेल्या, थेट सिरियलमधली सून. सासूबाईंनी हातात घेऊन उजेडाकडे फिरवला. "ही कोन गं? आमची गौर कुठाय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याच म्हणाल्या, "आता आलीया तर बसवायची की. दारातनं माघारी लावतीस व्हय? हुईल वळख हळूहळू."

२१ सप्टें.
हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्याजणी, "गौर झकास दिसतीया!" सासूबाईंनी नमस्कार केला तो डोळे मिटून. मला रडू आलं, स्वयंपाकघरात गेले.

२७ सप्टें.
फोटो शोधायला सगळं कपाट उपसलं. पन्हाळ्याच्या सहलीतला एक सापडला. त्यात तोंड फिरवलेलं. लग्नात मान खाली. बारशात पदर आड. तेव्हा मला माझं नाक आवडायचं नाही, कॅमेरा दिसला की वळायचे. म्हणजे तेव्हाही... एकाही फोटोत मी धड समोर बघत नाही. डॉक्टरांना दाखवू काय, कपाळ?

२८ सप्टें.
बस पहाटेची. बॅग भरून दारात ठेवली. ह्यांनी आईला सांगितलेलं दिसतंय. जेवताना सासूबाई एकटक माझ्याकडेच. शेवटी विचारलं, "काय झालं आत्याबाई?"
"काय न्हाय. उद्या जानार न्हवं तू? बघून ठेवतीया."
हातातला घास ताटात ठेवला. मी मात्र तोंड फिरवलं नाही.