आतून उघडणारी चेन

ता. ४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सीमेवरच्या या नाक्यावर मी मजेत आहे. काल एका गृहस्थांचं पोट टिकटिकत होतं. शर्ट वर करायला लावला तर एकशे बारा चोरटी घड्याळं निघाली. किती वाजले असं विचारलं, तर त्यांना सांगता येईना. परवा एका थर्मासमधून पोपट निघाला आणि त्याने पहिली शिवी आमच्या साहेबांना हासडली. साहेब अजून त्याच्याकडे बघत नाहीत.

माझ्यासाठी मुलगी बघते आहेस असं कळलं. ताई, दिवसभर लोकांच्या बॅगा उचकटणारा नवरा कोणाला हवाय?

तुझा, लोभाला सोकावलेला,
ढब्बू

ता. ११ मार्च

चि. ढब्बूस, अनेक आशीर्वाद.

मुलगा स्वतःची बॅग तरी आवरतो का, असं मुलीच्या आईने विचारलं. मी विषय बदलला.

दुकानात शिवणाचा ढीग पडलाय. एका फर्निचरवाल्याने सहा गाद्यांच्या खोळी शिवून घेतल्या. चेन म्हणे आतून उघडणारी हवी. आत कोण झोपणार आहे असं मी विचारलं, तर नवीन फॅशन म्हणाला. मी हसले आणि दिल्या शिवून. आमची काजं-बटणं करणारी चिमणी काम सोडते आहे. सीमेपलीकडे हॉटेलात नोकरी लागली म्हणते. पासपोर्टही लागत नाही, सगळं एजंट बघणार. मला काही हे पटत नाही, पण पोरगी हवेत आहे.

जेवत जा. पत्र लिही, लोभ आपोआप टिकेल.
ताई

ता. १३ मार्च, सकाळी

चि. ढब्बू,

फोन लागत नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी देते आहे. चिमणी पहाटेच गेली. तिची आई सांगते, न्यायला आलेला एजंट म्हणजे तोच फर्निचरवाला. त्या खोळी मी शिवल्यात रे. निळ्या पट्ट्यांच्या आहेत. त्याचा गाद्यांचा ट्रक तुझ्याच नाक्यावरून जाईल, सोडू नकोस.

ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधी हे वाच: चिमणी सुखरूप आहे.

चिठ्ठी आली तेव्हा ट्रकचे कागद तपासून झाले होते. मी ट्रकला आडवा उभा राहिलो. पुराव्याशिवाय माल फाडता येणार नाही, असं साहेबांनी बजावलं. निळ्या पट्ट्यांच्या गाद्या दोरांनी करकचून बांधल्या होत्या. मी वर चढलो आणि मोठ्याने म्हणालो, "चिमणे, ताई विचारतेय, शर्टांची काजं कोण करणार?"

मग एका गादीतून बारीक आवाज आला, की मीच करणार. दोर साहेबांनीच कापले. सहा बायका निघाल्या, घामाने निथळत. एकीला तर उभंही राहवेना. अजून आठ तासांचा रस्ता होता, ताई. गाद्या जरा जड लागल्या खऱ्या, असं ड्रायव्हर म्हणाला. फर्निचरवाला मागच्या गाडीत होता, तोही सापडला.

स्वतःला बोल लावू नकोस. लोभ आहे तसाच ठेव.
ढब्बू

ता. २९ मार्च

चि. ढब्बूस, अनेक आशीर्वाद.

बोल लावू नको म्हणतोस, पण पोलिसांनी मला संशय कसा आला नाही असं विचारलं, तेव्हा 'नवीन फॅशन' एवढंच मला सांगता आलं.

चिमणी कामावर आली. दोन दिवस नुसती काजं करत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, की खरे कागद करून तिकडे जाता येतं का. तिची आई रडली, मी चिडले, आणि सोमवारी आम्ही दोघी पासपोर्टच्या रांगेत उभ्या होतो. फोटोत हसायचं नाही असं तिथल्या साहेबाने तिला चारदा सांगितलं. पाचव्यांदा त्याने नाद सोडला.

तुझ्यावर खूप लोभ असलेली,
ताई