पतीचे नाव सांगा

१० नोव्हेंबर, सोमवार

नाही बदलणार म्हणे! असा रकाना सगळ्याच साइटवर असतो म्हणे! शहापूरच्या ऑफिसात बसून दिनेश सर आठ वर्षं वेबसाइट बनवतायत, पण शेणव्याच्या वाडीत एकदा तरी गेलेत?

मी आज गेले. फिरत्या दवाखान्याचा नंबर मोबाइलवरून लावायचा. लिहिता येत नाही त्यांनी माइकचं बटण दाबून बोलायचं. हिरीकाकूंनी स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग आलं – ‘पतीचे नाव सांगा’. काकूंनी पदर तोंडावर घेतला. मागच्या बायका खिदळायला लागल्या. "घे गो, उखाण्यात घे!" काकूंनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. "तूच सांग पोरी. आमी नवऱ्याचं नाव नाय घेत."

नाव नाही तर पुढचं पानच उघडत नाही. आणि काकू दिवाळीच्या आधीपासून खोकतायत!

११ नोव्हेंबर

"तू डिझायनर आहेस, समाजसुधारक नाय. रकाना राहणार. येत्या सोमवारी साइट सुरू होतेय."

मी म्हटलं, सर, खोकला काकूंना आहे, त्यांच्या नवऱ्याला नाही. सगळं ऑफिस हसलं. हसू देत.

१३ नोव्हेंबर

जमलं! माइकखाली आणखी एक बटण टाकलं – ‘दुसरं कोणी सांगेल’. नणंद, मुलगी, शेजारीण, कोणीही. वाडीत जाऊन बघितलं. काकूंच्या नणंदेने भावाचं नाव असं ठणकावून सांगितलं की कुत्री भुंकली. पुढचं पान उघडलं!

सर तोंड वाकडं करून म्हणाले, "चालेल." घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. नुसती मान डोलवायला नाही शिकले.

१५ नोव्हेंबर

आईला दाखवलं. तिच्या गुडघ्यासाठी नंबर लावायचाच आहे. बाबा भिवंडीला दुसरं घर करून गेले तेव्हा मी चौथीत होते, पण नाव तर तेच लागणार. म्हटलं, नवीन बटण दाब, नाव मी सांगते.

आईने मोबाइल पालथा ठेवला.

"अगं, रिवाज आहे, माहितीये मला. म्हणून तर हे बटण..."

"रिवाज कसला गो? भांडताना शंभरदा घेतलंय त्याचं नाव. गुडघा माझा हाय. तो माणूस नको तिथं."

मी किती हुशारीने बटण केलं होतं!

१६ नोव्हेंबर, रविवार

रकानाच काढून टाकला. सरांना विचारलं नाही. उद्या कळेल त्यांना.

पहिला नंबर आई लावणार.