विवरणपत्र मोठ्याने वाचावे

मी, चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कर खात्याचा आहे, पण तो सगळ्यांवरच असतो. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, कारण छापील कागद दिसला की मी तो उलटा करून ठेवतो.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. त्यातून आधी माझा या वर्षीचा कर भरावा.

कलम २. भिंगे घासायचे यंत्र, डोळे तपासायच्या भिंगांची पेटी आणि सगळे बारीक पेचकस समोरच्या फुटपाथवरच्या चष्मेवाल्याला द्यावेत. हा गृहस्थ तीस वर्षे माझ्या गिऱ्हाइकांना सांगत आला की माझ्या चष्म्यांच्या दांड्या वर्षभरात ढिल्या होतात. होतात. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी जिवंतपणी त्याच्या तोंडावर कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम ३. धाकट्या भावाला माझ्याकडून फक्त त्याचाच जुना कॅल्क्युलेटर परत करावा. ही, म्हणजे माझी बायको, गेली त्या वर्षी ‘दादा, तू काळजी करू नकोस’ म्हणत त्याने माझे आयकराचे विवरणपत्र भरले. त्या यंत्रावर सातचा आकडा एकदा दाबला की दोनदा उमटतो. माझे उत्पन्न एकदम एखाद्या कारखानदाराइतके झाले, नोटीस आली, आणि भाऊ म्हणाला की यंत्राची चूक, त्याची नाही. ते निस्तरायला मला अकरा महिने लागले. त्या काळात मी पाकिटे न उघडता गादीखाली सारत असे आणि त्यांच्यावरच झोपत असे. नऊ किलो वजन उतरले. छातीत धडधडायचे, डॉक्टरांना काहीच सापडले नाही. कॅल्क्युलेटर देताना त्याला सांगावे की मी माफ केलेले नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेबद्दल नाही, पण याच्यावाचून पुढचे कळणार नाही.

माझी बायको एका शाळेच्या कचेरीत हिशेब पाहायची. दरवर्षी एका रविवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत टेबलापाशी विवरणपत्र घेऊन बसायचो आणि ही आतल्या खोलीत खाटेवर पावत्या मांडीवर घेऊन. “वाचा,” ती म्हणायची. मी एकेक ओळ मोठ्याने वाचायचो. बरोबर असले की आतून ‘हं’ यायचे. चूक असले की काहीच नाही. ‘चूक’ हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. चूक म्हटले की मी घाबरतो आणि पुढे आणखी तीन करतो, असे तिचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. मग मी आपणहून शोधायचो, दुरुस्त करायचो, परत वाचायचो. अशी चौतीस वर्षे गेली.

ती जाऊन दुसरे वर्ष चालू असताना एका रविवारी मी देवावर भरवसा ठेवून एकटाच बसलो. सवयीने पहिली ओळ मोठ्याने वाचली. आतून ‘हं’ आले.

मी उठून पाहिले. खाट होती, कपाट होते, भिंतीवर उन्हाची तिरीप होती. घाबरलो का? घाबरलो. पण विवरणपत्र अर्धेसुद्धा झाले नव्हते, म्हणून परत येऊन दुसरी ओळ वाचली. त्या वर्षी एका पैशाचीही चूक निघाली नाही. मला गाढ झोप लागायला लागली. त्यानंतरची पाच वर्षे असेच चालले आहे. हे मी कोणाला सांगितले नाही, कारण लोकांनी मला वेड्यात काढले असते आणि ही गप्प झाली असती.

या वर्षी फॉर्म आला. नाव वाचले: हं. पत्ता वाचला: हं. पुढे विचारले होते, विवरणपत्र कोण भरत आहे. मी वाचले, “स्वतः.” आत शांतता. चष्मा पुसून पुन्हा वाचले, “स्वतः.” शांतता. त्याखाली दुसरा पर्याय होता. मी तो जरा हळू आवाजात वाचला. “कायदेशीर वारस.”

“हं.”

त्याच दुपारी मी मृत्युपत्राचा कागद आणला.

कलम ५. माझी मुलगी कृत्रिम दात बनवते. स्वतःचा धंदा, त्यामुळे करही स्वतःच भरायचा. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे चमचा शोधत होतो, तर स्वयंपाकघरातल्या खणात तीन वर्षांची पाकिटे निघाली, एकही न उघडलेले. “बाबा, उघडलं की ते खरं होतं,” ती म्हणाली. ती फोन उचलत नाही. नखे कुरतडून कुरतडून बोटे सुजली आहेत. हात थरथरतो, म्हणून दातांच्या दोन डॉक्टरांनी तिला काम देणे बंद केले आहे. घर देईन, पैसे देईन, पण ही भीती तिला माझ्याकडूनच मिळाली आहे आणि ती परत घेता येत नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

मी तिला इथे आणले, आतून येणाऱ्या ‘हं’बद्दल पहिल्यांदाच सांगितले आणि टेबलापाशी बसवले. पहिले पाकीट मीच फोडले. तिने स्वतःचे नाव वाचले. आतून काही आले नाही. पत्ता वाचला. नाही. लहानपणी ती याच खोलीत आमचे ऐकत खेळायची, त्यामुळे गप्प राहण्याचा अर्थ तिला पाठ आहे. “सगळंच चुकलंय ना, बाबा?” एवढेच म्हणाली आणि कागद तसेच टाकून निघून गेली.

ती गेल्यावर मी फॉर्मऐवजी एका कोऱ्या कागदावर वाक्य लिहिले आणि वाचले: “मुलीला ही उत्तर देईल.” शांतता. ते खोडून दुसरे लिहिले. “मुलीला मी उत्तर देईन.”

“हं.” यायला वेळ लागला, पण आले.

कलम ६. म्हणून घराबाबत अट अशी, की मुलीची तिन्ही वर्षांची विवरणपत्रे भरून होईपर्यंत ते विकू नये. टेबल हलवू नये. आतली खाट काढू नये.

पोरी, आता तुझ्याशीच बोलतो, कायद्याला काय वाटायचं ते वाटो. सध्या मी आत खाटेवर बसतो आणि बाहेरून तुझी आई वाचते. तिचा आवाज तसाच आहे, जरा घाईचा. माझ्याकडून सराव करून घेते आहे, कारण आयुष्यभर मी तिच्या बोलण्याला न ऐकताच हं म्हणत आलो, हे तिला चांगलं माहीत आहे. काल तिने मुद्दाम तुझं वय सहा वर्षांनी कमी वाचलं. मी हं म्हणालो. बाहेर बराच वेळ काहीच नाही. मग तिने तीच ओळ परत वाचली. या वेळी मी ऐकलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड आहे गं, मला आजवर माहीत नव्हतं.

तू रविवारी सकाळी ये. मोठ्याने वाच. हं पटकन आलं तर विश्वास ठेवू नकोस, ती माझी जुनी खोड. तीच ओळ परत वाच. जरा थांबून आलं तर पुढे जा. आणि काहीच आलं नाही तर सगळं चुकलंय असं समजू नकोस. कुठेतरी एक आकडा चुकलाय, एवढंच. सावकाश शोध. मी आत बसलोय.

स्थळ: राहते घर, आतली खोली.
तारीख: विवरणपत्राच्या शेवटच्या मुदतीआधी एकवीस दिवस, सकाळ.
मृत्युपत्र करणाराची सही: (सही)

साक्षीदार १: कुटुंबाचे डॉक्टर. (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. (सही)

आम्ही लिहून देतो की वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली. सही होत असताना बाहेरच्या खोलीत बाईमाणूस काही वाचत असल्याचे ऐकू आल्याने आम्ही दोघांनी उठून पाहिले. तिथे कोणी नव्हते. खुर्ची टेबलापासून मागे सरकवलेली होती.