शेवटचा आकडा नाचतो

मंगळवार, दिवेलागण. मानवत.

आज पुन्हा चिपवरच अडलो. वजनकाट्याचा बारीक सिग्नल आकड्यात बदलणारी चिप जास्त बारीक फरक टिपणारी चोवीस बिटची ठेवायची की सोळाची? कापसाचा व्यापारी दुपारी दुकानात येऊन चिडला. "शेवटचा आकडा सारखा नाचायलाय. शेतकऱ्याला वाटतंय, आमी काटा मारायलोत." त्याचं बरोबर आहे. कापूस तोलायला एवढी बारीक नजर कशाला? सोळाचीच बसवतो.

पण चोवीस बिटवाला काटा घरी आणून टेबलावर ठेवला, रिकामाच. बायको सुमन वारल्यापासून या टेबलावर माझं एकट्याचंच ताट असतं. पंखा बंद केला तरी शेवटचा आकडा हलायलाय. का? जोडण्या तपासल्या, सगळ्या पक्क्या. मग लक्षात आलं, मी टेबलाजवळून चाललो की हलतो, खुर्चीत गप बसलो की थांबतो.

प्रोग्रॅममध्ये जास्त मापांची सरासरी घेतली की हा नाच बंद होईल. लय सोपं काम. केलं नाही.

पाणी प्यायला उठलो, आकडा हलला. मी उठलो याची घरात कुणालातरी खबर लागली.

मग पुन्हा उठलो. तहान नव्हती.