गव्हाणीवरची मेंढरं

गुलबर्गा,
ता. ८ नोव्हेंबर १९५३

अक्का,

तुला आणि दाजींना दंडवत. मी खुशाल आहे. ज्वारीची भाकरी मिळते, पाणी जरा मचूळ आहे, पण बाधत नाही. शिवय्या मास्तर हे तुला वाचून दाखवत असतील, म्हणून त्यांनाही इथूनच नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलंस, "तिथं नेमकं करायलास तरी काय?" तर सांगतो. टेशनापासून कोसभर लांब माळावर एका ठेकेदारानं तारेचं मोठं कुंपण घातलंय. त्याला यार्ड म्हणतात. आपल्या मुलखातली मेंढरं विकत घेऊन इथं गोळा करतात, मालगाडीनं मुंबईला नेतात आणि तिथून आगबोटीत घालून समुद्रापलीकडं अरबांच्या देशात पाठवतात. जिवंतच. तिथं उतरल्यावर पुढं काय होतं ते धनगराच्या लेकीला मी काय सांगू?

पण खरी गंमत पुढंच आहे. पहिल्या दोन खेपांना आगबोटीतच इतकी मेंढरं मेली की पलीकडच्या व्यापाऱ्यानं कळवलं, पुन्हा असं झालं तर तुमच्याकडचा माल बंद. सगळे म्हणाले, रोग आला. कुणी म्हणालं देवी, कुणी म्हणालं समुद्राचं वारं. मग यार्डातले जनावरांचे डाक्टर गुरुशांतप्पा स्वतः मुंबईला गेले. परत आलेल्या बोटीवरच्या लोकांना त्यांनी खोदून खोदून विचारलं. नंतर यार्डातच दोन मेंढरं मेली, ती चिरून पाहिली. रोग कसलाच नव्हता. पोटं रिकामी होती.

अक्का, गव्हाण चाऱ्यानं भरलेली, हौद पाण्यानं भरलेला, आणि मेंढरं उपाशी मेली!

डाक्टरांनी मला बोलावून विचारलं, "पिराजी, तुमच्या मेंढरांनी जन्मात कधी गव्हाण बघितली हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई साहेब. मेंढरू चालत चालत खातंय. एका जागी उभारून कडबा खायला ते काय बैल हाय?"

त्यांनी गव्हाणीतला कडबा मुठीत घेतला. मग म्हणाले, "मग शिकवावं लागंल."

तर तुझा भाऊ सध्या मेंढरांचा मास्तर आहे. (शिवय्या मास्तरांनी हसू नये.) बोटीत चढायच्या आधी त्यांना गव्हाणीत तोंड घालायला आणि हौदात पाणी प्यायला शिकवायचं. आणि तुला खरं सांगतो, मला अजून जमलेलं नाही. मी हुलगे भरडून टाकले, पेंड टाकली, मीठ टाकलं. डाक्टरांनी कडब्यावर गुळाचं पाणी शिंपडून पाहिलं. मेंढरं आपली कोपऱ्यात एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. डाक्टर पालथ्या बादलीवर बसून त्यांच्याकडं बघतात आणि मी डाक्टरांकडं.

हे डाक्टर हळ्ळीखेडचे, गळ्यात लिंग, घरात सात पिढ्यांत कुणी मांस शिवलेलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "साहेब, तुमच्यात चालत न्हाई, मग हे काम कामून करायलाव?"

"खाणारे खाणारच, पिराजी. पण चाऱ्यासमोर उभारून जनावर भुकेनं मरतंय, हे कसं काय, ते मला कळायला पायजे." असा माणूस आहे.

दाजींचा गुडघा कसा आहे? मेंढरं यंदा कुणाच्या रानात खताला बसवली? आपल्या कळपात किती कोकरं झाली? सगळं सविस्तर लिहायला सांग.

तुझा,
पिराजी

*

गुलबर्गा,
ता. २ जानेवारी १९५४

अक्का,

दंडवत. तुझं पत्र पोचलं. "सगळं बरं हाय, काळजी करू नको," एवढंच. मी कार्ड उलटून पाहिलं, मागं काही असेल म्हणून. मास्तरांची शाई संपली होती का?

इकडं मात्र नवल घडलंय. गेल्या आठवड्यात औरादकडची एक खेप आली. भालकी, हुमनाबाद करत पायी आणली होती. हाकणारे भाड्याचे गडी, त्यांना कुणाची मेंढरं ते माहीत नाही. दिवस मावळायला आला होता. मी फाटक उघडलं आणि सवयीनं, आपले अप्पा द्यायचे तशी, जीभ टाळ्याला लावून हाक दिली.

धुळीतून एकदम माना वर झाल्या.

मी पुन्हा हाक दिली. एक म्हातारी काळी मेंढी बाकीच्यांना ढकलत पुढं आली आणि तिनं माझ्या धोतराच्या सोग्यात नाक खुपसलं. मी गव्हाणीकडं चालू लागलो, तशी ती मागं आणि तिच्या मागं सगळी रांग. मी गव्हाणीतले मूठभर हुलगे घेऊन तिच्यापुढं धरले. तिनं खाल्ले. मग हात गव्हाणीत नेला, तर तिनं तिथंही तोंड घातलं. मग दुसरीनं, तिसरीनं. अगं, तीन-चार दिवसांत त्यांना बघून यार्डातली परकी मेंढरंसुद्धा धक्के देत गव्हाणीवर यायला लागली. जे मला, डाक्टरांना आणि गुळाला जमलं नाही ते मेंढरांनीच मेंढरांना शिकवलं!

डाक्टर बादलीवरून ताडकन उठले. "ही कुठली मेंढरं?"

"औरादकडची, साहेब."

"तुला वळखतात?"

"हाकेला कुठलंबी मेंढरू वळतंय, साहेब," मी म्हटलं, आणि पाण्याची बादली घेऊन दुसरीकडं गेलो.

डाक्टर आता रोज नवं काहीतरी करून बघतात. शिकलेली चार आणि न शिकलेली वीस एका कुंपणात घालायची, मग शिकलेली दोनच ठेवायची. किती पुरतात, किती दिवस लागतात, हे बघायचं. मलाही त्याचा नाद लागलाय. रात्री पडल्या पडल्या मी विचार करतो की म्हातारी मेंढी चांगली शिकवते की तरणी? तुला काय वाटतं? तू तर माझ्याहून जास्त मेंढरं वळलीस.

आणखी एक विचारायचं होतं. औराद तालुक्यात डाव्या कानाला दोन कातर आणि मधोमध भोक, अशी खूण आणखी कुणाची आहे गं? अप्पा म्हणायचे, आपल्याशिवाय कुणाचीच नाही. अप्पा चुकले असतील.

दाजींनी यंदा मेंढरं कुठं बसवली तेवढंच लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पिराजी

*

गुलबर्गा,
ता. १४ फेब्रुवारी १९५४

अक्का,

तुझं मोठं पत्र मागच्या महिन्यातच मिळालं. मास्तरांनी तुझ्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलंय, त्यामुळं वाचताना तूच समोर बसून बोलतेयस असं झालं.

"जागिरी गेल्या तवा आपण पेढं वाटलं. आता आपण मेंढरं चारायचो त्या रानात कुळांचा नांगर चालायलाय, आन् त्यांचं काय चुकलं? पर मेंढरू ठिवायला जागा न्हाई. तुझ्या दाजींनं अंथरूण धरलंय. पावसाळाभर मी एकटी मेंढरांमागं होते. गिऱ्हाईक दारात बसून होतं. तवर तुझं पत्र आलं. म्हटलं, जायचीच हायती, तर पिराजीच्या हातनं जाऊ दे. वाटंला उपाशी तरी मरायची न्हाईत. तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हटला असतास."

अक्का, दोन दिवस मी तुझ्यावर फार रागावलो. अर्धा कळप माझा होता. दाजी अंथरुणावर, आणि मला तू कार्डावर "सगळं बरं हाय" लिहितेस! तिसऱ्या दिवशी गव्हाण झाडताना वाटलं, विचारलं असतंस तर खरंच मी नाही म्हटलं असतं. आणि तसं म्हणून इथंच राहिलो असतो, आणि पावसात मेंढरांमागं तूच फिरली असतीस.

आता पुढचं ऐक. आपल्या मेंढरांची खेप निघाली तेव्हा मी डाक्टरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "डब्यातनं संगं जातूस का?" गेलो. अख्ख्या वाटेत एकही मेंढरू मेलं नाही. मुंबईला बंदरावर समुद्र पाहिला. तुला कसा सांगू? पलीकडचा काठच नाही. मेंढरांनी त्याचा वास घेतला आणि कान पाडले.

बोटीला लावलेल्या फळीवर एकही चढेना. खलाशी पाय धरून ओढायला लागले, मेंढरं ओरडायला लागली. मी त्यांना थांबवलं. फळीवर चढलो, पाठमोरा झालो आणि अप्पांची हाक दिली.

सगळी आली, अक्का. एकमेकांच्या मागं, न बिचकता आली. ती हाक मी दिली. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितोय.

बोटीवरही गव्हाणी होत्या. मी मध्ये बसून राहिलो. हळूहळू त्यांनी तोंडं घातली, कडबा वाजायला लागला, हौदावर गर्दी झाली. भोंगा झाला तेव्हा मी उतरलो. एकीनंही वर पाहिलं नाही, सगळी खात होती. मला तेच हवं होतं, आणि तेच बघवत नव्हतं. मी बंदरावर उभा राहून पोरासारखा रडलो.

काल पलीकडून तार आली. वाटेत फार थोडी गेली, बाकी सगळी धडधाकट उतरली. यार्ड राहिलं, आपल्या मुलखातली मेंढरं आता जात राहतील. ठेकेदारानं हार आणला होता, तो डाक्टरांनी हौदाच्या खुंटीला अडकवून टाकला आणि म्हणाले, "जी मेली ती कामून मेली, ते बघायचं राहिलंय."

आणखी एक. निघायच्या आधी डाक्टरांनी ठेकेदाराला गाठून सांगितलं होतं, नव्या खेपांना शिकवायला शिकलेली मेंढरं यार्डात कायम लागतील. म्हणून आपल्यातली दहाएक मागं ठेवली आहेत. ती म्हातारी काळी त्यात आहे. तिला कुठंही पाठवायचं नाही, असं डाक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

असंच दुसरं यार्ड भालकीच्या टेशनाजवळ उघडायचं चाललंय. राहायला खोली आहे, आणि दाजींना तिथल्या दवाखान्यात दाखवता येईल. मेंढरांना गव्हाणीवर आणणारं जाणतं माणूस हवंय. डाक्टरांनी विचारलं, "कुणी हाय का?" मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "बाई?" मी म्हटलं, "आम्हा दोघांत मेंढरं तिनं जास्त वळलीत, साहेब." त्यांनी मान डोलावली.

तुला न विचारता नाव सांगून बसलोय. तूही मला विचारलं नव्हतंस. झाली फिट्टंफाट. आता राग आला असेल तर मास्तरांकडून लिहवून घेऊ नकोस. दाजींना गाडीत घाल, भालकीला उतर, मी तिथं येऊन थांबतो, आणि माझ्याशी समोर उभी राहून भांड.

वाट बघणारा,
तुझा भाऊ
पिराजी